जमशेटजी जीजीभॉय

सर जमशेटजी जीजीभॉय (१५ जुलै १७८३ – १४ एप्रिल १८५९) हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मुंबईचे व्यापारी, जहाजमालक आणि दानशूर नागरिक होते. चीनशी चाललेल्या कापूस व अफूच्या व्यापारातून त्यांनी मोठी संपत्ती मिळवली आणि तिचा लक्षणीय भाग रुग्णालये, शाळा, पूल, पाणीपुरवठा व गोरगरिबांच्या साहाय्यासाठी खर्च केला. मुंबईतील भायखळा येथील सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय (जे. जे. रुग्णालय) आणि सर ज. जी. कला महाविद्यालय (जे. जे. स्कूल ऑफ आर्ट) या त्यांच्या नावाने चालणाऱ्या सर्वांत प्रसिद्ध संस्था होत. भारतातील पहिला प्रवासी लोहमार्ग बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे (जी. आय. पी. रेल्वे) या कंपनीच्या मुंबईतील उभारणीत जगन्नाथ शंकरशेठ यांच्याबरोबर त्यांचा सहभाग होता. १८४२ मध्ये नाइट आणि १८५७ मध्ये बॅरोनेट हे किताब मिळवणारे ते पहिले भारतीय होत.

प्रारंभिक जीवन

जमशेटजींचा जन्म एका गरीब पारशी कुटुंबात झाला. त्यांचे जन्मस्थान काही चरित्रकार मुंबई, तर काही बडोदे संस्थानातील नवसारी मानतात. वडील मेरवानजी कापडाच्या धंद्यात होते. आईचे नाव जीवीबाई. त्यांचे बालपण नवसारीत गेले. औपचारिक शिक्षण त्यांना फारसे मिळाले नाही. गुजराती लिहिणे-वाचणे आणि हिशेब एवढीच त्यांची शिदोरी होती. इंग्रजी ते पुढे व्यापाराच्या ओघात कामापुरते शिकले.

१७९९ च्या सुमारास आईवडिलांचे छत्र हरपल्यावर सोळा वर्षांचे जमशेटजी मुंबईत मामा फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांच्याकडे आले. फ्रामजींचा धंदा रिकाम्या बाटल्या खरेदी करून विकण्याचा होता आणि त्यावरूनच त्यांना बाटलीवाला हे आडनाव पडले होते. जमशेटजी या दुकानात हाताखाली काम करू लागले. काही काळ त्यांनाही लोक बाटलीवाला म्हणूनच ओळखत. १८०३ मध्ये फ्रामजींची कन्या आवाबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला. मूळचे जमशेद हे नाव बदलून जमशेटजी असे गुजराती वळणाचे रूप त्यांनी घेतले. त्या काळी मुंबईच्या व्यापारात गुजराती भाषक पेढ्यांचे वर्चस्व होते.

चीनच्या सफरी

अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतील तरुण पारशी व्यापाऱ्यांना नशीब अजमावण्यासाठी चीनचा मार्ग खुला होता. कँटन हे बंदर परदेशी व्यापाऱ्यांसाठी उघडे होते आणि भारतातील कापसाला तेथे मागणी होती. जमशेटजींनी शतकाच्या संधिकाळात चीनची पहिली सफर केली. त्यानंतर १८०७ च्या सुमारापर्यंत त्यांनी एकूण पाच सफरी केल्या. सुरुवातीच्या सफरींसाठी भांडवल त्यांनी नातेवाईक व ओळखीच्या व्यापाऱ्यांकडून उसने घेतले होते.

चौथी सफर त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. १८०५ मध्ये ते ब्रन्सविक या जहाजाने चीनकडे निघाले असता नेपोलियनकालीन युद्धाच्या धामधुमीत फ्रेंच नौसेनानी लिन्वा याच्या ताफ्याने सिंहलद्वीपाजवळ हे जहाज पकडले. कैद्यांना दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे नेण्यात आले आणि जहाज तेथेच फुटले. जमशेटजींचा सगळा माल गेला. परमुलखात अत्यंत हालअपेष्टा सोसून ते कलकत्तामार्गे मुंबईला परतले. याच जहाजावर विल्यम जार्डिन हा तरुण स्कॉटिश डॉक्टर नोकरीस होता. संकटात जुळलेला हा परिचय पुढे चीनच्या व्यापारातील दीर्घ भागीदारीचा पाया ठरला.

मुंबईतील व्यापार

पाचव्या सफरीनंतर जमशेटजींनी स्वतः समुद्रप्रवास थांबवला आणि मुंबईत बसून व्यापार चालवण्यास सुरुवात केली. त्यांच्या पेढीत जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद आणि कोकणी मुसलमान व्यापारी महंमद अली रोगे हे भागीदार होते. गोमंतकीय व्यापारी रोजेरिओ द फारिया यांच्याशीही त्यांचे व्यापारी संबंध होते. पारशी, जैन, मुसलमान आणि ख्रिस्ती व्यापाऱ्यांचे असे एकत्र येणे हे तत्कालीन मुंबईच्या व्यापाराचे वैशिष्ट्य होते. १८१४ मध्ये त्यांनी गुड सक्सेस हे स्वतःचे जहाज घेतले. त्यानंतर ताफ्यात आणखी जहाजांची भर पडत गेली. भाड्याच्या जहाजावर अवलंबून राहावे न लागल्याने माल केव्हा पाठवायचा व केव्हा रोखून धरायचा हे ठरवणे त्यांच्या हाती आले.

कापसाबरोबर माळव्यातील अफू हा या व्यापाराचा मुख्य आधार होता. चीनच्या सम्राटांनी अफूवर बंदी घातलेली असतानाही ती चोरट्या मार्गाने किनाऱ्यावर उतरवली जात असे. ईस्ट इंडिया कंपनी स्वतःच्या जहाजांतून अफू नेत नसे, पण खासगी व्यापाऱ्यांमार्फत होणाऱ्या या निर्यातीवर कर घेऊन मोठे उत्पन्न मिळवत असे. चीनमधून येणाऱ्या चहाची किंमत भागवण्यासाठी कंपनीला या व्यापाराची गरज होती. १८३० नंतर माळव्याची अफू परवान्याचे शुल्क भरून मुंबईमार्गे नेण्याची सोय झाली आणि मुंबईच्या पेढ्यांचा व्यवहार वाढला. १८३२ मध्ये स्थापन झालेल्या जार्डिन मॅथेसन आणि कंपनीचे जमशेटजी हे मुंबईतील प्रमुख सहकारी होते. १८३६ पर्यंत त्यांचा व्याप इतका वाढला की तिन्ही मुलगे आणि अन्य आप्त पेढीत काम करू लागले.

१८३९ मध्ये चिनी आयुक्त लिन झ-शू याने कँटन येथे परदेशी व्यापाऱ्यांकडील वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून नष्ट केली. त्यात मुंबईच्या व्यापाऱ्यांचाही माल होता. नुकसानभरपाईच्या मागणीतून आणि व्यापार खुला करण्याच्या आग्रहातून पहिले अफू युद्ध (१८३९–४२) झाले. त्यातील पराभवानंतर चीनला नानकिंगच्या तहाने दंड भरावा लागला आणि हाँगकाँग ब्रिटिशांच्या ताब्यात गेले. व्यापाऱ्यांना भरपाई उशिरा आणि मालाच्या किमतीपेक्षा कमी मिळाली. वाफेवर चालणाऱ्या जहाजांचा प्रसार आणि युरोपीय कंपन्यांची स्पर्धा यांमुळे त्यानंतर भारतीय जहाजमालकांचे या व्यापारातील स्थान हळूहळू ओसरत गेले. जमशेटजींचे लक्षही याच सुमारास व्यापाराकडून सार्वजनिक कार्याकडे अधिकाधिक वळले.

सार्वजनिक जीवन

जमशेटजींच्या दानकार्याची पहिली ठळक नोंद १८२२ मधील आहे. त्या वर्षी त्यांनी मुंबईच्या दिवाणी तुरुंगात किरकोळ कर्जापायी अडकून पडलेल्या कैद्यांची देणी फेडून त्यांची सुटका केली. १८३४ मध्ये मुंबईत ज्या पहिल्या भारतीयांची जस्टिस ऑफ द पीस म्हणून नेमणूक झाली, त्यांत जमशेटजी आणि जगन्नाथ शंकरशेठ यांचा समावेश होता. शहराची स्वच्छता, रस्ते आणि बंदोबस्त यांविषयीच्या निर्णयांत या पदामुळे भारतीयांना प्रथमच काही वाटा मिळाला. त्याच वर्षी जमशेटजी व अमीचंद घराणे यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ स्थापन झाला. त्याआधी १८३२ मध्ये मोकाट कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेमुळे शहरात दंगल उसळली होती. निराधार जनावरांसाठी कायमचा आसरा उभारणे हा त्यावरचा उपाय ठरला.

२६ ऑगस्ट १८५२ रोजी स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशन या मुंबई इलाख्यातील पहिल्या राजकीय संस्थेचे जमशेटजी मानद अध्यक्ष होते, तर जगन्नाथ शंकरशेठ अध्यक्ष होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण होण्याच्या वेळी भारतीयांची गाऱ्हाणी ब्रिटिश संसदेपुढे मांडण्याचे काम या संस्थेने केले.

सार्वजनिक रुग्णालय

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईतील वैद्यकीय व्यवस्था प्रामुख्याने कंपनीचे सैनिक, खलाशी आणि युरोपीय अधिकारी यांच्यासाठी होती. बंदर वाढत होते, तसे कोकण, देश आणि गुजरातमधून मजूर, हमाल, खलाशी व कारागीर शहरात येत होते. दाटीच्या वस्त्यांत पटकी, देवी आणि हिवताप यांचे थैमान नित्याचे होते. या लोकांसाठी असलेले दवाखाने लहान होते आणि गंभीर रुग्णाला ठेवून घेण्याची सोय तुटपुंजी होती.

स्थानिक विद्यार्थ्यांना पाश्चात्त्य वैद्यक शिकवण्याचा एक प्रयत्न १८२६ मध्ये झाला होता, पण ती शाळा १८३२ मध्ये बंद पडली. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट (कार्यकाळ १८३५–३८) यांनी वैद्यकीय महाविद्यालयाची कल्पना पुन्हा मांडली. डॉ. चार्ल्स मोरहेड हे या कामी त्यांचे सहायक होते. १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडी येथे ग्रँट यांचे निधन झाले. त्यांच्या स्मारकासाठी मुंबईकरांनी वर्गणी गोळा केली आणि ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीसाठी देण्याचे ठरले.

देणगी आणि तिच्या अटी

महाविद्यालयाला विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष शिक्षणासाठी रुग्णालयाची गरज होती. जमशेटजींनी १८३८ च्या सुमारास भारतीय गरिबांसाठी मोठे रुग्णालय बांधण्याकरिता एक लाख रुपये देऊ केले. मात्र ही देणगी बिनशर्त नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीने तेवढीच रक्कम घालावी आणि रुग्णालय चालवण्याची जबाबदारी सरकारने घ्यावी, अशी त्यांची अट होती. कंपनीने ती मान्य केली. पुढे जमशेटजींनी मूळ रकमेत भरही घातली.

या अटीचे महत्त्व नंतरच्या काळात स्पष्ट झाले. इमारत एकदा बांधता येते, पण औषधे, अन्न, कपडे आणि कर्मचाऱ्यांचे पगार यांचा खर्च दरवर्षी येतो. दात्याच्या वारसांची इच्छा किंवा पेढीची स्थिती यांवर असा खर्च अवलंबून राहिला तर संस्था बंद पडण्याचा धोका असतो. नियमित खर्च सरकारी तिजोरीशी जोडल्यामुळे जे. जे. रुग्णालय देणगीदाराच्या मृत्यूनंतरही अखंड चालू राहिले. खासगी देणगीने सुरुवात करून द्यायची आणि सरकारने ती संस्था चालवायची, हा नमुना पुढे मुंबईतील अनेक रुग्णालयांच्या बाबतीत गिरवला गेला.

उभारणी आणि कार्य

भायखळा येथे ३ जानेवारी १८४३ रोजी रुग्णालयाची पायाभरणी झाली आणि १५ मे १८४५ रोजी ते रुग्णांसाठी उघडले. शेजारीच ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय त्याच वर्षी सुरू झाले. डॉ. मोरहेड हे महाविद्यालयाचे पहिले प्रमुख होते. १८५१ मध्ये महाविद्यालयाची पहिली तुकडी परीक्षा उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. इतिहास संशोधक आणि समाजसुधारक डॉ. भाऊ दाजी लाड हे या तुकडीतील एक पदवीधर होत. जमशेटजींच्याच देणगीतून पुढे रुग्णालयाला प्रसूतिविभागाची जोड मिळाली.

पदवीधर डॉक्टर आणि शिकाऊ साहाय्यक येथून इलाख्याच्या जिल्ह्यांत जाऊ लागले आणि पाश्चात्त्य वैद्यक मुंबईबाहेर पोहोचण्यास मदत झाली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट महाविद्यालयातील प्रयोगशाळेत प्लेगप्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

रेल्वे आणि तिचे अर्थकारण

मुंबईतील प्रारंभ

मुंबई बंदराची समृद्धी घाटावरून येणाऱ्या मालावर अवलंबून होती. वऱ्हाड, खानदेश, सोलापूर, बार्शी या भागांतील कापूस बैलांच्या पाठीवरून किंवा गाड्यांतून सह्याद्री उतरून मुंबईला येत असे. या प्रवासाला आठवडेच्या आठवडे लागत. वाटेत धूळ बसून आणि पावसात भिजून कापसाची प्रत घसरे आणि दुष्काळी वर्षांत चारा-पाण्याअभावी वाहतूकच ठप्प होई.

१८४३ मध्ये मुंबई सरकारचे अभियंता जॉर्ज क्लार्क यांनी मुंबईपासून ठाणे, कल्याण आणि तेथून थळ व बोर घाटांकडे लोहमार्ग नेण्याची कल्पना मांडली. तिला पाठबळ देण्यासाठी मुंबईतील युरोपीय अधिकारी, व्यापारी आणि भारतीय शेठ एकत्र आले. जगन्नाथ शंकरशेठ आणि जमशेटजी जीजीभॉय हे त्यांतील अग्रगण्य भारतीय होते. त्यांच्या पुढाकाराने १८४५ मध्ये इंडियन रेल्वे असोसिएशन स्थापन झाली. त्याच सुमारास लंडनमध्ये जॉन चॅपमन यांच्या प्रयत्नांतून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी आकार घेत होती. मुंबईतील मंडळी अखेर याच कंपनीत सामील झाली. तिच्या प्रारंभीच्या दहा संचालकांत शंकरशेठ आणि जमशेटजी हे दोनच भारतीय होते.

जमशेटजींचा वाटा अभियांत्रिकी किंवा दैनंदिन व्यवस्थापनाचा नव्हता. नव्या आणि जोखमीच्या उपक्रमामागे शहरातील सर्वांत विश्वसनीय व्यापाऱ्याचे नाव उभे राहणे याला त्या काळी मोल होते. लंडनमधील गुंतवणूकदारांना आणि कंपनी सरकारला मुंबईचा व्यापारी वर्ग या योजनेच्या बाजूने आहे हे त्यामुळे दाखवता आले.

व्याजाची हमी

लोहमार्गासाठी लागणारे भांडवल मुंबईत उभे राहण्यासारखे नव्हते आणि लंडनचे गुंतवणूकदार अनोळखी देशात पैसा घालण्यास कचरत होते. १८४७ च्या आर्थिक अरिष्टाने त्यांची धास्ती आणखी वाढली. कंपन्यांनी म्हणून सरकारकडे हमी मागितली. दीर्घ वाटाघाटींनंतर १ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश संसदेच्या कायद्याने जी. आय. पी. रेल्वे कंपनीला अधिकृत रूप मिळाले आणि १७ ऑगस्ट १८४९ रोजी तिचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला.

कराराप्रमाणे पहिल्या प्रायोगिक मार्गासाठी पाच लाख पौंड भांडवल ठरले. त्यावर सरकारने दरसाल ५ टक्के व्याजाची हमी दिली, जमीन विनामूल्य दिली आणि ९९ वर्षांची मुदत दिली. मार्गाचे निव्वळ उत्पन्न भांडवलाच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी पडल्यास तूट सरकार भरून देणार होते. उदाहरणार्थ, शंभर पौंडांच्या भांडवलावर मार्गाने तीनच पौंड मिळवले, तर उरलेले दोन पौंड भारताच्या महसुलातून भागधारकाला मिळत. उत्पन्न ५ टक्क्यांच्या वर गेल्यास जादा रकमेचा निम्मा भाग कंपनीला मिळे आणि निम्म्यातून सरकारने पूर्वी दिलेली रक्कम वळती होई. ठरावीक मुदतीनंतर मार्ग विकत घेण्याचा हक्क सरकारने राखून ठेवला होता.

या पद्धतीमुळे भांडवल मिळाले आणि काम मार्गी लागले. तिचे दोषही लवकरच दिसू लागले. बहुतेक सर्व भाग ब्रिटनमधील लोकांकडे होते आणि व्याज तिकडे जात होते. खर्च वाढला तरी भागधारकांचे ५ टक्के सुरक्षित असल्याने काटकसरीला फारसे कारण उरले नाही. जोखीम मात्र भारतीय करदात्यावर, म्हणजे मुख्यतः शेतसारा भरणाऱ्या शेतकऱ्यावर पडली. पुढील पिढीत दादाभाई नवरोजी यांनी मांडलेल्या संपत्तीच्या अपहरणाच्या सिद्धांतात रेल्वेच्या भांडवलावरील व्याज ही एक महत्त्वाची बाब होती. १९०० मध्ये सरकारने जी. आय. पी. रेल्वे विकत घेतली. त्यानंतरही १९२५ पर्यंत तिचे संचालन कंपनीकडेच राहिले.

मुंबई ते सोलापूर

जेम्स जॉन बर्कले हे कंपनीचे मुख्य अभियंता होते. ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीव येथे कामाचा प्रारंभ झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी १४ डबे आणि सुमारे ४०० निमंत्रित घेऊन पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ३४ किलोमीटरवरील ठाण्याकडे निघाली. १८५४ मध्ये मार्ग कल्याणपर्यंत आणि १८५६ मध्ये बोर घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत पोहोचला.

घाटाचे काम अवघड असल्याने कंपनीने घाटमाथ्यावरून पुढचा मार्ग स्वतंत्रपणे बांधण्यास घेतला. जून १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा भाग सुरू झाला. त्यानंतर दिकसाळ, बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) आणि मोहोळ असे टप्पे घेत १८६० मध्ये लोहमार्ग सोलापूरला पोहोचला. जमशेटजींच्या निधनाला तेव्हा एक वर्ष झाले होते. बोर घाटातील मार्ग मात्र अपूर्णच होता. सोलापूरहून आलेला प्रवासी खंडाळ्याला उतरे, पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने घाट उतरून खोपोलीला जाई आणि तेथे पुन्हा गाडीत बसे. मालाचीही अशीच चढउतार करावी लागे. १८६३ मध्ये घाटाचा मार्ग खुला झाला तेव्हा मुंबई आणि सोलापूर अखंड जोडले गेले. घाटाच्या बांधकामात हजारो मजूर पटकी, ताप आणि अपघातांना बळी पडले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल यांचेही १८५९ मध्ये निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालवले.

या मार्गाने सोलापूरचे रूप बदलले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना भारतीय कापसाची गरज भासली आणि भाव कडाडले. अशा वेळी सोलापूर हे लोहमार्गावरील कापसाचे मोठे ठाणे बनले. १८७१ मध्ये हाच मार्ग रायचूर येथे मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाला. १८७६–७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळत असताना धान्य आणण्याचे काम रेल्वेने केले. धान्य येत असूनही ते विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांची उपासमार त्यामुळे टळली नाही. याच दशकात मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सोलापुरात कापडगिरणी उभी राहिली आणि हातमागाचे हे गाव गिरणगाव बनण्यास सुरुवात झाली.

इतर दानकार्ये

मुंबई आणि वांद्रे यांमधील माहीमची खाडी ओलांडताना होड्या उलटून माणसे बुडत असत. सरकारने पुलासाठी पैसा देण्यास नकार दिल्यावर जमशेटजींच्या पत्नी आवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये देऊ केले. या मार्गावर कधीही पथकर घेऊ नये, अशी त्यांची अट होती. १८४५ मध्ये पूर्ण झालेला माहीम कॉजवे आणि त्याला जोडणारा लेडी जमशेटजी मार्ग ही त्यांची स्मारके आहेत.

पुण्यात मुळा-मुठा नदीवर बंधारा बांधून पाणीपुरवठा करण्याच्या योजनेला जमशेटजींनी मोठी रक्कम दिली. आजच्या बंडगार्डन परिसराला या बंधाऱ्यावरूनच नाव मिळाले. १८४९ मध्ये त्यांनी पारशी समाजातील गरीब मुलामुलींच्या शिक्षणासाठी व निराधारांच्या मदतीसाठी संस्था स्थापन केली. चराईवर कर बसल्याने गुराख्यांची अडचण झाली तेव्हा त्यांनी मुंबईत जमीन विकत घेऊन ती गुरांसाठी मोकळी ठेवली. चर्नी रोड हे नाव या चरणीवरून पडले, असे सांगितले जाते.

भारतीय कारागिरांना चित्रकला, नक्षी आणि हस्तव्यवसायांचे पद्धतशीर शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले. त्यातून मार्च १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. त्यांच्या ज्ञात देणग्यांची एकूण रक्कम मृत्यूसमयी २ लाख ३० हजार पौंडांहून अधिक होती.

सन्मान

१८४२ मध्ये राणी व्हिक्टोरिया यांनी जमशेटजींना नाइट हा किताब दिला. पुढील वर्षी त्यांना सुवर्णपदक देण्यात आले. १८५५ मध्ये लंडन शहराचे सन्माननीय नागरिकत्व त्यांना मिळाले. ऑगस्ट १८५७ मध्ये त्यांना वंशपरंपरागत बॅरोनेट हा किताब देण्यात आला. उत्तर भारतात तेव्हा उठाव पेटला होता आणि मुंबईतील भारतीय पुढाऱ्यांच्या निष्ठेकडे सरकार बारकाईने पाहत होते. जगन्नाथ शंकरशेठ यांच्यावरही याच काळात संशय घेतला गेला होता. जमशेटजींनी जाहीरपणे सरकारची बाजू घेतली होती.

निधन आणि वारसा

१४ एप्रिल १८५९ रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी जमशेटजींचे मुंबईत निधन झाले. ज्येष्ठ पुत्र करसेटजी हे दुसरे बॅरोनेट झाले. पुढे कायद्याने अशी तरतूद झाली की, किताबाच्या प्रत्येक वारसाने जमशेटजी जीजीभॉय हेच नाव धारण करावे. त्यामुळे नंतरच्या अनेक पिढ्यांतील व्यक्तींची नावे एकसारखी आढळतात आणि जुन्या कागदपत्रांत त्यांची गल्लत होण्याचा संभव असतो.

जे. जे. रुग्णालय आज महाराष्ट्र शासनाच्या अखत्यारीत असून ग्रँट शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. राज्यभरातून येणाऱ्या गरीब रुग्णांसाठी ते एक प्रमुख उपचारकेंद्र आहे. सोलापूरसारख्या ठिकाणी स्थानिक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पर्यंत नव्हते. तोपर्यंत वैद्यक शिकण्यासाठी अनेकांना आगगाडीने मुंबई किंवा पुणे गाठावे लागत असे.

मूल्यमापन

जमशेटजींचे चरित्र बराच काळ गरिबीतून श्रीमंती आणि श्रीमंतीतून औदार्य अशा सरळ रेषेत सांगितले गेले. जाती आणि धर्म यांनुसार दानधर्म करण्याची रीत असलेल्या काळात त्यांनी सर्व समाजांसाठी संस्था उभारल्या, ही त्यांची कामगिरी निर्विवाद आहे. अलीकडील इतिहासलेखनात त्यांच्या संपत्तीच्या उगमाकडेही लक्ष वेधले गेले आहे. मुंबईतील रुग्णांना बरे करणाऱ्या संस्थेचा पैसा चीनमधील असंख्य लोकांना व्यसनाधीन करणाऱ्या व्यापारातून आला होता. हा व्यापार त्या वेळी मुंबईतील प्रतिष्ठित व्यापाऱ्यांत निंद्य मानला जात नव्हता आणि सरकारही त्यात लाभार्थी होते. त्याचे परिणाम मात्र तेवढ्याने बदलत नाहीत.

रुग्णालय आणि रेल्वे या दोन उपक्रमांची तुलनाही उद्बोधक आहे. दोन्हींत खासगी पैसा आणि सरकारी जबाबदारी यांची सांगड होती. रुग्णालयात दात्याने परताव्याची अपेक्षा न ठेवता रक्कम दिली आणि सरकारी महसूल गरिबांच्या उपचाराकडे वळवला. रेल्वेत गुंतवणूकदाराचा नफा निश्चित झाला आणि तोट्याचा भार त्याच महसुलावर पडला. एकाच दशकात, एकाच शहरात आणि बऱ्याच अंशी त्याच व्यक्तींच्या सहभागाने उभ्या राहिलेल्या या दोन व्यवस्थांत वसाहतकालीन मुंबईच्या विकासाच्या दोन्ही बाजू दिसून येतात.